देवनहळ्ळीहून लंडनला

देवनहळ्ळी म्हटले की पूर्वी टिपू सुलतानाचे जन्मगाव आणि तिथला किल्ला आठवे. २४ मे २००८ रोजी त्याच्या शेजारी बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि गावाची ओळख बदलली. ३ सप्टेंबरला याच धावपट्टीवरून किंगफिशर एअरलाइन्सने आपली पहिली परदेशी सेवा सुरू केली: बंगळूर ते लंडन. बाराच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्सचे दिवाळे निघाले.

मंदी आली तसा मोठ्या साहेबांच्या पगाराचा प्रश्न जगभर पेटला. सरकारी पैशावर तगलेल्या अमेरिकेतल्या एआयजी विमा कंपनीने १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटल्याचे मार्च २००९मध्ये उघड झाले. आपल्याकडेही कंपनी व्यवहार मंत्री सलमान खुर्शीद यांनी त्याच वर्षी अशा भरमसाट पगारांवर बोट ठेवले. खरे तर आपल्या कायद्यात लगाम होताच. १९५६च्या कंपनी कायद्यानुसार सर्व संचालकांचा व व्यवस्थापकांचा मिळून मोबदला, सरकारी मंजुरी नसेल तर, निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांवर जाऊ शकत नसे. तोट्यातल्या कंपनीवर बंधने याहून कडक. म्हणजे कायद्याची नजर पगारपत्रकावर होती. पैसा मात्र दुसऱ्याही दारांनी जातो.

किंगफिशरने एकाही वर्षी नफा कमावला नाही. तरी स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँकांनी २०१०-११मध्ये तिच्या कर्जाची पुनर्रचना केली आणि काही कर्जाच्या बदल्यात शेअर घेतले. तारणात ‘किंगफिशर’ हे नावही होते. २०१२मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले. त्यांच्या पगारातून कापलेला आयकरही सरकारजमा झाला नव्हता, म्हणून आयकर खात्याने कंपनीची खाती गोठवली. ऑक्टोबरमध्ये विमाने थांबली, परवाना स्थगित झाला.

फेब्रुवारी २०१६मध्ये डियाजिओ कंपनीने विजय मल्ल्यांना युनायटेड स्पिरिट्सचे अध्यक्षपद सोडण्यासाठी साडेसात कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. त्यांतले चार कोटी लगेच मिळाले. २ मार्चला ते लंडनला गेले. एप्रिलमध्ये तारणातल्या त्या नावाचा लिलाव ३६६ कोटी ७० लाखांपासून पुकारला गेला. एकही बोली लागली नाही. ते चार कोटी डॉलर मुलांच्या नावे वळवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मल्ल्यांना अवमानाचे दोषी ठरवले आणि २०२२मध्ये चार महिने कैद व २,००० रुपये दंड ठोठावला.

बँकांच्या पदरात पुढे बरेच पडले. मल्ल्यांच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी रुपये सरकारी बँकांना परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत सांगितले. देण्यापेक्षा जास्त वसूल झाले, असे मल्ल्यांचे म्हणणे. हा हिशेब बँका आणि मल्ल्या यांच्यातला आहे. विमानाखाली उभे राहून ते दुरुस्त करणारा मेकॅनिक त्यात कुठेच नाही.

पद सोडण्याचे पैसे आणि काम केल्याचे पैसे यांतले आधी कोणते मिळाले, हे या कहाणीतले खरे मोजमाप. २०१३च्या कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालकाचा पगार मधल्या पातळीच्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे छापणे भाग पाडले. चांगलेच झाले. पण त्या रकान्यात थकलेल्या महिन्यांना जागा नाही.