सरडगुहिरा खरंच आजूबाजूचं बघून रंग बदलतो का?

कुंपणावर बसून मान हलवणारा, विणीच्या काळात गळा लाल करणारा सरडा वेगळा आणि सरडगुहिरा वेगळा. सरडगुहिरा म्हणजे इंडियन शॅमेलिऑन, भारतात आढळणारी शॅमेलिऑनची एकमेव जात. त्याला कोरडी झाडी मानवते. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेच्या दाट जंगलापेक्षा पूर्वेकडचे माळ आणि बांध त्याच्या सोयीचे.

तो मागचा रंग पाहून स्वतःचा बदलतो, हा गैरसमज. ऊन, थंडी, भीती, प्रतिस्पर्धी यांमुळे रंग पालटतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये यामागची यंत्रणा दाखवली. त्वचेतल्या ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर वाढलं, की हिरवा रंग पिवळ्या-लालसर छटेकडे सरकतो.

डोळे दोन दिशांना फिरतात, जीभ शरीराहून लांब. चाल मात्र अगदीच संथ, आणि तीच जिवावर बेतते. अंडी घालायला मादी झाडावरून उतरून जमिनीत खड्डा खणते. वाटेत रस्ता लागला तर चाकाखाली येते, माणूस भेटला तर ‘विषारी’ म्हणून काठी बसते. सरडगुहिऱ्याला विष नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला मारणं किंवा पाळणं गुन्हा आहे. रस्त्यात दिसलाच, तर तो ज्या बाजूला निघालाय त्या बाजूच्या झुडपापर्यंत जाऊ द्यावा. वेळ लागेल, पण तो पोहोचतो.