'अधांतर' ते 'लालबाग परळ' : गिरणगावातील गुन्हेगारीचे घरगुती मूळ

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली मराठी रंगभूमीवर आले. या नाटकावर आधारित 'लालबाग परळ' हा महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. 'सिटी ऑफ गोल्ड' ही त्याची हिंदी आवृत्ती. गिरणी संपानंतर पगार बंद झालेल्या एका कामगार कुटुंबाची वाताहत आणि त्या घरातील मुलाचे गुन्हेगारीकडे वळणे, हा दोन्ही कलाकृतींचा विषय आहे. मुंबईच्या अधोविश्वावर अनेक चित्रपट आणि मालिका निघाल्या. परंतु गुन्ह्याचे मूळ टोळीच्या अड्ड्यावर न शोधता चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत शोधणारी कलाकृती म्हणून 'अधांतर'चे स्थान वेगळे आहे.

संपाची पार्श्वभूमी

मुंबईत कापड गिरणीची मुहूर्तमेढ १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे रोवली. पुढील शतकभरात परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी, प्रभादेवी हा सारा पट्टा 'गिरणगाव' म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार येथे गाळ्यांत आणि चाळींत राहिला, पाळीप्रमाणे झोपला आणि खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवला. भोंग्यावर चालणाऱ्या या जीवनाचा सारा व्यवहार पगाराच्या तारखेवर अवलंबून होता. किराणा, खोलीभाडे, भिशी, गावची मनिऑर्डर, सर्वांचा हिशेब त्याच दिवशी होत असे. त्यातही 'बदली' कामगाराची स्थिती अधिक बिकट होती. रोज गिरणीच्या दारात उभे राहावे आणि काम मिळालेच तर त्या दिवसाची मजुरी घ्यावी, अशी ही व्यवस्था होती.

१९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावरून असंतोष वाढला आणि प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमधील कामगार नेतृत्वासाठी डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सार्वत्रिक संप सुरू झाला. साठच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात सामील होते. मागण्या वेतनवाढीच्या आणि बदली कामगारांना कायम करण्याच्या तर होत्याच. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालेली एकमेव प्रतिनिधित्वाची मान्यता रद्द व्हावी, हीदेखील एक प्रमुख मागणी होती. या कायद्यामुळे ज्या नेत्याच्या मागे कामगार उभा होता त्याच्याशी वाटाघाटी करण्यास मालक बांधील नव्हते, आणि ज्या संघटनेशी वाटाघाटी शक्य होत्या तिच्या मागे कामगार नव्हता. संप मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधीच झाली नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. काही कामगार परत रुजू झाले, पुष्कळसे गावी गेले, आणि बाकीचे अधांतरी राहिले. नाटकाचे नाव या अवस्थेचेच आहे.

धुरी कुटुंब

नाटकात धुरी हे गिरणी कामगाराचे कुटुंब आहे. घराचा गाडा आई ओढते आहे. थोरला मुलगा बाबा लेखक होण्याच्या स्वप्नात आहे, मोहनला क्रिकेटचे वेड आहे, नरू गुंडगिरीकडे वळला आहे, आणि मुलगी मंजू या साऱ्यात आपली वाट शोधते आहे. यांच्यातील कोणीही जन्मजात दुष्ट नाही. गिरणी चालू असती तर यांतील एखादा बापाच्या जागी बदली म्हणून लागला असता आणि यथावकाश कायम झाला असता. वडिलांच्या पाठोपाठ मुलाला कामाला लावणारी ही वाट बंद झाली, आणि तिच्या जागी पैसा मिळवून देणारी जी वाट समोर होती ती टोळीची होती. आईला नरूचा मार्ग मान्य नाही; परंतु त्याला दाखविण्यासाठी दुसरा मार्ग तिच्याजवळ नाही. नाटकातील खरा पेच हा आहे.

येथे दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांशी तुलना उद्बोधक ठरते. २१ जानेवारी १९९८ रोजी, म्हणजे 'अधांतर'नंतर वर्षभरातच, बी. पी. सिंग यांची 'सीआयडी' ही मालिका सुरू झाली. शिवाजी साटम यांच्या भूमिकेमुळे ती घरोघरी पोहोचली आणि मालिकेचे पहिले पर्व दोन दशके चालले. अशा मालिकेत कथा मृतदेहापासून सुरू होते, गुन्हेगार सापडला की संपते. 'अधांतर'मध्ये पोलीस तपासाची ही चौकट नाही, कारण तेथे प्रश्न गुन्हा कोणी केला हा नसून तो करणारा कसा घडला हा आहे.

रंगमंचावरून पडद्यावर

चित्रपटाने खोलीचे दार उघडून कॅमेरा बाहेर नेला. चाळीचा व्हरांडा, गल्ली, गिरणीचे आवार आणि मालकाची कचेरी ही स्थळे त्यात आली. सीमा बिस्वास यांनी आई, शशांक शेंडे यांनी वडील, अंकुश चौधरी यांनी बाबा, वीणा जामकर यांनी मंजू आणि करण पटेल यांनी नरू साकारला. सिद्धार्थ जाधव यांची 'स्पीडब्रेकर' ही भूमिका विशेष लक्षात राहिली. चित्रपटात रक्तपात आणि भडकपणा नाटकापेक्षा अधिक आहे. मात्र नाटकात आडून जाणवणारी एक गोष्ट त्याने ठळकपणे पुढे आणली. ती म्हणजे गिरणीखालची जमीन.

सोन्याची जमीन

जमिनीच्या व्यवहारातून होणारा रक्तपात हा केवळ कल्पनेचा भाग नव्हता. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मी परिसरात भरदिवसा गोळ्या घालून हत्या झाली आणि तिचा संबंध गिरणीच्या जमिनीच्या व्यवहाराशी जोडला गेला. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंत यांचीही पवई येथे हत्या झाली. 'अधांतर' आले ते याच वर्षी.

दरम्यान १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती मर्यादित झाली, आणि त्यामुळे सार्वजनिक वाटा फारच आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली याविरुद्ध दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये रद्द ठरविला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन २००५ मध्ये ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. ज्या आवारात दिवसाच्या बदलीसाठी रांग लागत असे, तेथील भूमीचे मोल हे असे होते.

पुढची पिढी

गिरणगावातच वाढलेले आणि पत्रकारिता केलेले पवार या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळले. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथेवर मांजरेकर यांनी केलेला 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' हा चित्रपट जानेवारी २०२२ मध्ये आला. त्यात गुन्ह्याकडे वळलेली मुले अल्पवयीन आहेत. गिरणी, संप आणि युनियन यांची आठवणही त्यांना नाही. वारशात मिळाली आहे ती केवळ त्याची झळ. चित्रपटाची झलक समाजमाध्यमांवर पसरताच अल्पवयीन मुलांच्या दृश्यांवर तीव्र आक्षेप घेतले गेले, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली आणि झलक मागे घ्यावी लागली. चर्चा दृश्यांच्या औचित्याची झाली, आणि ती आवश्यकही होती. त्या मुलांच्या आजोबांच्या थकलेल्या देण्याची आणि घराची चर्चा मात्र त्यात झाली नाही.

ती चर्चा अन्यत्र चालू राहिली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने पहिली सोडत २०१२ साली काढली, तेव्हा अर्जांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती आणि घरे त्यामानाने फार थोडी. संपाला तोवर तीस वर्षे उलटली होती. अनेक अर्ज कामगारांच्या पश्चात त्यांच्या वारसांनी भरले होते. 'अधांतर'मधील आई ज्या पिढीची प्रतिनिधी आहे, त्या पिढीतील स्त्रियांची नावेही त्या वारसांत होती.