चाकांवरचे बिऱ्हाड

राहते घर विकून मोटारघरात कायमचा मुक्काम हलविणारी जोडपी अमेरिकेत जागोजागी भेटतात. या वाहनाला तेथे ‘आरव्ही’ म्हणतात आणि बारा महिने त्यातच राहणाऱ्यांना ‘फुलटायमर’. ज्यो व केय पीटरसन या दाम्पत्याने १९७८ मध्ये अशा भटक्यांसाठी ‘एस्केपीज’ हा क्लब स्थापन केला. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथून तो सभासदांचे टपाल ते असतील तेथे पाठवितो. कायमचा पत्ता नसला की वाहन परवाना, विमा, कर असे सारेच अडते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते खरे. पण विंचवाला टपाल येत नाही.

उन्हाळ्यात या मंडळींचा ओढा रॉकी पर्वताकडे असतो आणि या संसाराची खरी परीक्षा तेथील घाटांत होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर चढणीमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तेथे पोहोचेपर्यंत इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. तरीही चढण बरी, उतार वाईट. काही टन वजनाचे घर खाली येत असताना सतत ब्रेक दाबला, तर तो तापून निकामी होतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा लागतो. बोगद्याच्या पश्चिमेच्या उतारावर ब्रेक गेलेल्या वाहनांसाठी खडीचे चढते रस्ते मुद्दाम बांधले आहेत. ते कशासाठी आहेत, हे नवख्यांनी आधीच समजून घेतलेले बरे.

सगळेच घाट मोटारघरांना खुले नाहीत. इंडिपेंडन्स पासवर ३५ फुटांहून लांब वाहनांना मनाई आहे, तर माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर ही मर्यादा केवळ २१ फूट आहे. त्यामुळे अनेक जोडपी मोटारघराच्या मागे एक छोटी मोटार ओढत नेतात आणि घर पायथ्याशी ठेवून वर जातात.

मुक्कामाचे गणित पाण्याचे असते. सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस राहता येते. मात्र तेथे ना नळ, ना वीज. स्वच्छ पाणी, धुण्याभांड्यांचे सांडपाणी आणि शौचालयाचा मैला यांच्या तीन टाक्यांपैकी एक रिकामी झाली किंवा दुसरी भरली, की निघावेच लागते. मैला ठरलेल्या केंद्रावरच सोडायचा असतो. तीन हजार मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांवरच उकळते. वरणभातासाठी प्रेशर कुकर हवाच. अस्वलांच्या मुलखात अन्न उघड्यावर ठेवणे तर गुन्हाच ठरू शकतो.

पण सर्वांत नाजूक भाग माणसांचा. एकाने गाडी मागे घ्यायची, दुसऱ्याने बाहेर उभे राहून खुणा करायच्या, या प्रसंगी होणारी भांडणे या वर्तुळात प्रसिद्धच आहेत. त्याहून गंभीर चूक म्हणजे एकालाच चालविता येणे. मोबाइलची रेंज नसलेल्या दरीत तोच आजारी पडला, तर दुसऱ्याला घर जोडता-सोडता आणि घाट उतरविता आलाच पाहिजे. आरोग्य विम्याचेही तसेच. पासष्टीनंतर मिळणारा मूळ सरकारी ‘मेडिकेअर’ देशभर चालतो. खासगी कंपन्यांच्या पर्यायी योजना मात्र बहुधा ठरावीक भागातील डॉक्टरांपुरत्या मर्यादित असतात. निघण्यापूर्वी रस्त्याच्या नकाशाइतकाच हा कागदही वाचायला हवा.

आणि थांबायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. घर विकलेले असते, मोटारघराची किंमत दरवर्षी उतरत जाते. ही अडचण ओळखून एस्केपीजने लिव्हिंग्स्टन येथेच थकलेल्या सभासदांसाठी एक केंद्र उभारले. घाट चढणे झेपेनासे झालेल्यांनी आपले मोटारघर तेथे उभे करावे, त्यातच राहावे आणि जेवणाला व शुश्रूषेला हाक मारली की माणूस यावा, अशी ती सोय.