मंगळवारी आलेला लेफ्ट बॅक

14 जानेवारी 2006, शनिवार. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही गर्दीबरोबर पूर्वेकडे चालताय. मँचेस्टर सिटीच्या मैदानाजवळ 56 मीटर उंचीचं ‘बी ऑफ द बँग’ हे पोलादी शिल्प काटे फिस्कारून उभं आहे. बघून घ्या, 2009 मध्ये ते उतरवणार आहेत.

आज सिटीचा सामना शहरातल्याच मँचेस्टर युनायटेडशी; तुमची जागा युनायटेडच्या पाठीराख्यांत आहे. माणसं आधीच दुखावलेली. नोव्हेंबरात कर्णधार रॉय कीनने क्लब सोडला, त्याच महिन्यात क्लबचा जुना तारा जॉर्ज बेस्ट वारला, डिसेंबरात बेन्फिकाकडून हरून चॅम्पियन्स लीग संपली. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, हाइन्झ सप्टेंबरपासून गुडघा घेऊन बसलाय. त्याच्या जागी आज मोनॅकोहून आणलेला पॅट्रिस एव्हरा, वय 24. दोन वर्षांपूर्वी हा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात खेळलाय, त्यामुळे आशा मोठी.

सामना सुरू होतो आणि सिटीचा ट्रेव्हर सिंक्लेअर त्याला हवेत धडकतो. एव्हरा रेफरीकडे बघतो. शिट्टी नाही. तुम्ही फक्त एव्हराकडेच बघत राहा, म्हणजे त्याची अडचण कळेल. मोनॅको खेळतो त्या फ्रेंच लीगमध्ये चेंडू दूर मारला की बचावफळीला पुन्हा जागेवर यायला क्षणभर मिळतो. इथे तोच चेंडू कुणाच्या तरी डोक्यावरून लगेच परत येतो आणि त्यामागून दोघं धावत येतात. 32व्या मिनिटाला सिंक्लेअरचा गोल, 39व्याला व्हॅसेलचा. मध्यंतरानंतर एव्हरा मैदानावर दिसत नाही. त्याच्याऐवजी ॲलन स्मिथ उतरलाय. सिटी 3-1 ने जिंकते.

संध्याकाळी पबमध्ये धुराने डोळे चुरचुरतात. बंद जागेतल्या सिगारेटवर बंदी यायला अजून दीड वर्ष आहे.

“एवढासा आहे, हेडर कसे जिंकणार?” एक पोरगा वैतागतो.

“हाइन्झ बरा होईपर्यंत सिल्व्हेस्टरच बरा,” दुसरा म्हणतो.

“आपल्या जुन्या आयर्विनसारखा लेफ्ट बॅक पुन्हा होणे नाही.”

कोपऱ्यातले म्हातारबा ग्लास खाली ठेवतात. “आयर्विन ओल्डहॅमहून आला होता, पोरांनो. शेजारच्या गावातून. इथली हवा, इथले रेफरी, सगळं पाठ होतं त्याला. हा मंगळवारी आलाय.”

“मग मंगळवारी आलेल्याला डर्बीत कशाला उतरवायचं?”

याला म्हातारबांकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. पोरांच्या डोळ्यांना जे दिसलं ते खरं आहे: एव्हरा आज वाईट खेळला. पण उरलेला सामना बसून बघ, इंग्लिश फुटबॉल शिकून घे, असं प्रशिक्षक फर्ग्युसननी त्याला बजावलं, हे एव्हराने पुढे स्वतःच सांगितलंय. परक्या देशातून आलेल्या बचावपटूला याहून मोलाचं काही देता येत नाही असं मला मनापासून वाटतं. टॅकल त्याला येतच होतं. शिट्टी वाजणार नाही हे धरून खेळायची सवय मात्र अंगात मुरावी लागते, आणि तिला वेळ लागतो. त्याच महिन्यात मॉस्कोहून आलेला सर्ब बचावपटू विदिचही सुरुवातीला असाच चाचपडला. रशियातला मोसम केव्हाच संपलेला, शरीर थंडावलेलं, आणि इथे ऐन हिवाळ्यात दर तीन-चार दिवसांनी सामना.

आता थेट 10 एप्रिल 2007 वर या. युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, समोर इटलीचा रोमा. हाइन्झ परतलाय, सुरुवातीपासून खेळतोय; एव्हरा बदली म्हणून आलाय. 81व्या मिनिटाला तोच एव्हरा गोल करतो. युनायटेड 7, रोमा 1. शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारतो.

बाहेर पडताना वाद सुरूच असतो, फक्त विषय बदललाय.

“हाइन्झ की एव्हरा?”

“हाइन्झ जास्त कणखर आहे.”

“एव्हरा सतत पुढे पळतो. मागची जागा कोण सांभाळणार?”

“विदिच दुखापतीतून बरा झाला की तो सांभाळेल. मी सांगतो, पुढच्या मोसमात पहिल्या सामन्यापासून एव्हराच पाहिजे.”