रानपिंगळा : खोट्या चिठ्ठीने हरवलेले घुबड

१/
काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षिशास्त्रज्ञही होते, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर परिसरात ब्लेविट यांना एक लहान घुबड मिळाले. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. तोच हा रानपिंगळा.

२/
पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. संग्रहालयांत उरले अवघे सात नमुने. त्यांतील सर्वांत अलीकडच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नोंद होती : मांडवी, गुजरात, १९१४. संग्राहक, ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

३/
या नोंदीवर कोणी शंका घेतली नाही. वास्तविक शंकेला जागा होती. लंडनच्या ज्या संग्रहालयात हा नमुना पुढे दाखल झाला, त्यानेच या गृहस्थांना एकेकाळी पक्षिदालनात प्रवेशबंदी केली होती! सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण व्यर्थ.

४/
१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. आतील भरण नंतर बदललेले होते, परंतु मूळ धाटणी डेव्हिडसनची होती. म्हणजे खानदेशातला जुना नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीसह परत आला होता. १९१४ ची मांडवी निकालात निघाली. खऱ्या उरल्या त्या एकोणिसाव्या शतकातील जागा.

५/
रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडील जुन्या जागा धुंडाळल्या. तेथे काही हाती लागले नाही. मग ते खानदेशाकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उघड बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

६/
घुबड म्हटले की रात्र आठवते. रानपिंगळा मात्र मुख्यतः दिवसा वावरतो. सागाच्या विरळ, कोरड्या जंगलात उघड्या फांदीवर बसून तो सरडे, उंदीर, टोळ टिपतो; घरटे झाडाच्या ढोलीत. गावाभोवतीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात.

७/
पुढे तोरणमाळ आणि मेळघाटातही तो आढळला. दुसरीकडे, भारतीय पक्षिग्रंथांत माइनर्ट्झहागेनच्या भरवशावर शिरलेल्या इतर नोंदीही अभ्यासकांना एकेक करून तपासाव्या लागल्या. त्यांतील अनेक वगळण्यात आल्या.