वंशाची परीक्षा

संस्कृतात ‘वंश’ या एकाच शब्दाने वेळू, बासरी आणि कूळ असे तीन अर्थ व्यक्त होतात. जुन्या वाद्यांचा बाजार आता महाजालावर भरू लागला असल्याने या तिन्ही अर्थांचा एकत्र विचार करणे अगत्याचे झाले आहे. माजरीसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावी राहणाऱ्या गृहस्थासही आज दूरदेशीची बासरी घरबसल्या मागविता येते. समजा, विक्रेत्याने चित्राखाली लिहिले आहे : ‘चांद्याच्या गोंडराजाच्या दरबारातील, तीनशे वर्षांची.’ चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. म्हणजे काळाचा मेळ बसतो. परंतु मेळ बसणे हा पुरावा नव्हे.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केली, तेव्हापासून अस्सल कागदाचे महत्त्व महाराष्ट्रास पटले. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे येत, हे आपल्या संशोधकांस नवे नाही. कागदाची जशी बहिरंग व अंतरंग परीक्षा होते, तशीच ती वाद्याचीही व्हावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम द्रव्य पाहू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात विपुल असलेल्या मानवेलाची काठी जाड सालीची व पुष्कळदा जवळजवळ भरीव असते. मैफलीच्या बासरीस मात्र लांब पेराचा, पातळ सालीचा वेळू लागतो व तो मुख्यत्वे आसामाकडून येतो. अशा वेळूची बासरी ‘इथल्याच रानातली’ म्हणून पुढे आली, तर शंका घेण्यास जागा आहे. लाकडाच्या वाद्यास वयाची एक साक्ष असते, ती वेळूस नाही. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील स्त्रादिव्हारीच्या ‘मसाया’ व्हायोलिनविषयी वाद उठला, तेव्हा लाकडातील वार्षिक वलये मोजण्यात आली. सर्वांत अलीकडचे वलय १६८० च्या दशकातले निघाले आणि वाद्यावरील १७१६ या सालास बळकटी आली. वेळू हे गवत असल्यामुळे त्यास अशी वलयेच नसतात.

दुसरी परीक्षा घडणीची. यादवकाळी देवगिरीस लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त शार्ङ्गदेवाने वेळूखेरीज खैर, हस्तिदंत, चंदन व धातू यांच्याही बासऱ्या सांगितल्या आहेत; म्हणून केवळ द्रव्य वेगळे दिसले म्हणून बासरी खोटी ठरत नाही. उलट, आज मैफलीत दिसणारी सुमारे ३२ इंचांची बासरी प्रचारात आणण्याचे श्रेय पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांचे आहे. तिची हुबेहूब प्रत तीनशे वर्षांची कशी असेल? तिच्यावर पाश्चात्त्य स्वराचे अक्षर कोरलेले असेल, तर संशय आणखी वाढतो.

तिसरी परीक्षा वापराच्या खुणांची. तापलेल्या सळईने पाडलेल्या भोकाच्या कडेस जळल्याची खूण राहते; यंत्राने पाडलेले भोक स्वच्छ असते. अर्थात सळई आजही वापरली जाते, तेव्हा त्या खुणेने वय सिद्ध होत नाही. बोटांनी व ओठांनी आलेली झीज मात्र बोटे व ओठ टेकतात तेथेच असावयास पाहिजे. सर्वांगावर सारखाच काळसरपणा असेल, तर तो चहाच्या पाण्याचा किंवा धुराचा नाही ना, हे पाहावे.

विज्ञानाची साक्षही मर्यादितच आहे. सुमारे १६५० ते १९५० या काळातील वस्तूचे वय कार्बनच्या मापनाने नेमके सांगता येत नाही. परंतु १९५५ नंतर अणुस्फोटांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि वेळूची काठी एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठत असल्यामुळे ती खूण तिच्यात स्पष्ट उमटते. म्हणजे हे मापन खरेपणाची ग्वाही फारशी देत नाही, खोटेपणा मात्र पकडते.

उरतो तिसरा वंश, कुळाचा : ही बासरी कोणाकडून कोणाकडे आली? १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुराणवस्तू ठरते. तिच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो व खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. म्हणून तीनशे वर्षांचा दावा करणाऱ्या व्यापाऱ्यास परवाना अवश्य विचारावा. तो नसेल, तर दावा तरी खोटा किंवा व्यवहार तरी बेकायदा.

येथे केवळ ग्राहकाच्या पैशाचाच प्रश्न नाही. रानातल्या एखाद्या पाड्यावर कोणी गोंड वा माडिया माणसाने साधी बासरी घडविली व सणावारी वाजविली असेल. तिला दरबाराची खोटी कथा चिकटविली, की राजाच्या इतिहासात तर काही भर पडत नाहीच, उलट वाजविणाऱ्याचा इतिहास मात्र पुसला जातो. साठ वर्षांची बासरी गावाच्या व वादकाच्या नावासह हाती आली, तर ती निनावी ‘राजबासरी’पेक्षा आम्ही अधिक मोलाची मानू. म्हणून किंमत विचारण्यापूर्वी वाजविणाऱ्याचे नाव विचारावे.