रिकामी गोण, रिकामा कंटेनर

१/ वसमतची हळद कंटेनरमधून परदेशी निघते, त्याआधी तो कंटेनर रिकामा कुठून तरी आणावा लागतो. आयातीचा माल उतरतो एकीकडे, निर्यातीचा पिकतो दुसरीकडे. मधल्या रिकाम्या फेरीचा खर्च अखेर मालावरच पडतो. हिंगोलीच्या मुलखाला ही अडचण नवी नाही.

२/ रेल्वेपूर्वी दख्खनची मोठी वाहतूक लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. एवढे बैल रिकामे परतणे कोणाला परवडणार? देशावरचे धान्य घाटाखाली जाई आणि परतताना त्याच पाठींवर मीठ येई. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’वरून आला, अशी व्युत्पत्ती सांगतात.

३/ बंजारा निव्वळ भाडेकरी नव्हता. पुष्कळदा तो स्वतःच माल विकत घेई व पुढे विके; म्हणून परतीला काय भरायचे, हे तांड्याच्या नायकाच्या हाती असे. भरण्याजोगे काही मिळालेच नाही, तरी फार बिघडत नसे. रिकामी गोण घडी करून ठेवता येई आणि बैल वाटेवरच्या कुरणांत चरत. ही सोय पुढे कोणत्याच वाहनाला लाभली नाही.

४/ रेल्वे आली आणि तांडे मोडले. विसाव्या शतकात हिंगोलीला पूर्णेहून मीटरगेज मिळाले. पण मुंबईकडची ब्रॉडगेज आणि निजामाची मीटरगेज मनमाडला भेटत तेव्हा एकीचा डबा दुसरीवर चालत नसे. माल हमालांनी उतरवून पुन्हा चढवायचा. रिकाम्या डब्यांनाही आपापल्याच रुळांवर माल शोधावा लागे. हिंगोलीवरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला तो थेट २००८ मध्ये.

५/ दरम्यान १९५६ साली अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले होते. कंटेनरने ही चढ-उतार संपवली. मात्र २० फुटी पेटी रिकामी असतानाही दोन टनांहून जड असते, आणि तिची घडी होत नाही.

६/ २०२०-२१ मध्ये चीनहून अमेरिकेकडे जाणाऱ्या मालाचे भाडे इतके वाढले, की जहाज कंपन्यांना रिकामे कंटेनर थेट चीनकडे धाडणेच किफायतशीर वाटू लागले. भारतातील निर्यातदारांना तेव्हा माल तयार ठेवून पेटीची वाट पाहावी लागली. परतीला काय भरायचे, हा निर्णय आता तांड्यावर होत नव्हता.